गुरांना औषध दिलंय, शेण बागेत घालू का?

औषध दिलेल्या जनावरांच्या शेणखताबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांनी 'इंजेक्शन दिलं', 'गोळी दिली' एवढंच लिहिलंय. उत्तर मात्र औषधाच्या नावावर फिरतं. बाटली फेकण्याआधी तिच्यावरचं घटकाचं नाव, तारीख आणि जनावर यांची नोंद ठेवा. गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिलं तरी चालेल.

प्रश्न : आमच्या दोन गाई आहेत. एकीला गोचीड आणि जंतांसाठी आयव्हरमेक्टिन टोचलं. दुसरीच्या पायाला जखम होऊन ताप आला, तिला ऑक्सिटेट्रासायक्लिनची इंजेक्शनं झाली. दोघींचं शेण रोज एकाच उकिरड्यावर जातं. ते परसात लाल माठ, मुळा आणि भेंडीला घालायचं आहे. किती दिवस थांबावं? (गुहागर)

नुसतं थांबून उपयोग नाही, कारण उकिरडा तापत नाही. पण आधी दोन्ही औषधं वेगळी करू.

आयव्हरमेक्टिन जवळजवळ सगळं शेणातून बाहेर पडतं, मूत्रातून अगदी नगण्य. टोचल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात शेणातलं प्रमाण सर्वांत जास्त असतं, मग उतरत जातं, तरी साधारण महिनाभर सापडत राहतं. म्हणून त्या गाईचं महिनाभराचं शेण वेगळं काढा. पिकाला या औषधाचा धोका फारसा नाही. ते मातीच्या कणांना घट्ट धरून बसतं आणि मुळांवाटे फार वर चढत नाही. खरा फटका बसतो शेणकिड्यांच्या अळ्यांना. शेणकिडे नसले की चरणीवरचा शेणाचा पो तसाच वाळत पडतो, जमिनीत मुरत नाही. पाण्यातल्या बारीक जिवांनाही ते फार विषारी आहे. त्यामुळे असं शेण वहाळाच्या किंवा खाडीच्या कडेला टाकू नये. आयव्हरमेक्टिन उन्हात लवकर मोडतं आणि हवा खेळत्या ढिगात काही आठवड्यांत बरंच कमी होतं. पाणी साचलेल्या, हवा नसलेल्या खड्ड्यात मात्र ते तसंच्या तसं राहतं. (जाता जाता : गाय दुभती असेल तर हे औषध देण्यापूर्वी डॉक्टरांशी दुधाबद्दल बोला. शेणाचा विचार करताना दुधाचा राहून जातो.)

ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक), त्याची गोष्ट निराळी. ते मूत्र आणि शेण दोन्हींतून पडतं, आणि बराचसा भाग न बदलता, म्हणजे जंतू मारण्याच्या स्थितीतच. शेवटच्या इंजेक्शननंतर दोन आठवड्यांचं शेण, आणि गोमूत्राने भिजलेला गदाळाही (गुरांखालचा पेंढा-पाला), वेगळा ठेवा. मुळ्यातून पोटात जाणारं औषध अत्यल्प असतं, त्याची भीती नको. काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे : औषधाला न जुमानणारे जंतू त्या गाईच्या आतड्यात निवडून वाढलेले असतात, आणि तेच शेणाबरोबर वाफ्यात येतात. माठाची पानं मातीला टेकतात, मुळा तर मातीतच असतो. भेंडी त्या मानाने वर लागते.

टेट्रासायक्लिन गटातली औषधं नीट तापलेल्या ढिगात चांगली मोडतात. पाच-सहा आठवड्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त घट होऊ शकते. पण ढीग तापला पाहिजे, आणि तापायला तो एका वेळी रचावा लागतो. रोज एक पाटी शेण टाकत गेलं की खालचं थंड होतं, वरचं वाळतं, आणि वर्षभरानंतरही मधे हिरवं, वास मारणारं शेण निघतं.

दोन गावठी गाईंचं मिळून दिवसाला साधारण १५ किलो शेण होतं. तीन आठवडे ते छपराखाली साठवा, वरून पातेरा (वाळका पालापाचोळा) पसरून ठेवा, म्हणजे माश्या होत नाहीत. तीनशे किलोच्या आसपास जमलं की एका दिवसात ढीग घाला. त्याला सुमारे १०० किलो वाळलेलं साहित्य लागतं : आंबा-काजूचा पातेरा, भाताचा पेंढा, चुडतांचे (नारळाच्या झावळ्यांचे) तुकडे. घमेल्याने मोजायचं तर एक घमेलं शेणाला तीन ते चार घमेली सैल पातेरा. तीस-चाळीस किलो गिरिपुष्पाचा कोवळा पाला मिळाला तर ढीग लवकर तापतो, कारण त्यात नत्र भरपूर असतं. आंब्याचं पान चिवट आणि मेणचट असतं, ते आख्खं घातलं तर पत्रावळीसारखे थर बसतात आणि हवा अडते. आधी पायाने तुडवून किंवा कोयत्याने तोडून घ्या. नारळाची सोडणं (वरची साल) ढिगात घालू नका, ती वर्षभर तशीच राहतात. तळाला हवेसाठी मात्र त्यांचा एक थर उत्तम.

ढिगाची लांबी-रुंदी सव्वा-सव्वा मीटर, उंची किमान एक मीटर. याहून लहान ढीग आतली ऊब धरत नाही. मूठभर मिश्रण घट्ट पिळलं तर बोटांच्या फटीत दोन-चार थेंब यावेत. धार लागली तर पेंढा वाढवा. ताजं शेण असेल तर वरून पाणी बहुधा लागतच नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत मधला भाग ५५ अंश सेल्सिअसच्या वर गेला पाहिजे. लांब दांड्याचा तापमापक मिळाला तर बरं. नाहीतर लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा आणि टोक पकडा. काही सेकंदांत हात सोडावा लागला तर ठीक. नुसती कोमट लागली तर ढीग तापलेला नाही. त्याचं कारण बहुतेक वेळा जास्त ओल असते, नाहीतर ढीग लहान असतो.

उघड्या ढिगासाठी सेंद्रिय शेतीच्या अमेरिकी नियमांत असं आहे की तापमान किमान १५ दिवस ५५ अंशांच्या वर राहावं आणि तेवढ्या काळात किमान पाच वेळा ढीग परतावा. आपल्याकडेही हाच हिशेब धरावा. दर तीन दिवसांनी परता, आणि परतताना बाहेरचं आत, आतलं बाहेर जाईल हे पाहा. लोक फावड्याने वरखाली करतात आणि कडा तशीच ठेवतात. जिवंत उरलेले जंतू त्या थंड कडेतच असतात. तापमान ७० च्या वर गेलं तर लगेच परता, नाहीतर खत करणारे जंतूही मरतात आणि आत राखाडी, कोरडा, बुरशीसारखा भाग तयार होतो.

गरमी उतरल्यावर दोन-तीन महिने मुरू द्या. म्हणजे भात झोडून झाल्यावर, डिसेंबरात रचलेला ढीग एप्रिलात वापरता येतो. माठ-मुळ्याच्या वाफ्याला चौरस मीटरमागे दोन किलो पुरे. तापलं की नाही याची खात्री नसेल, तर ते खत कच्चं समजा आणि माड, पोफळी, कलमं यांच्या आळ्यात घाला. तिथे वर्षानुवर्षं झाड उभं असतं, फळ मातीपासून दूर असतं. पूर्ण वाढलेल्या माडाला वर्षाला पन्नास किलो शेणखत लागतंच.

प्रश्न : गावात लाळ्या-खुरकूत आणि घटसर्पाच्या लसी टोचून गेले. शेण वापरू का? (मंडणगड)

वापरा. लस हे औषध नव्हे. शेणात त्याचं काही उरत नाही.

प्रश्न : जीवामृतासाठी आमच्याकडे एकच गावठी गाय. तिला कासदाह झाला, सडात ट्यूब घातल्या आणि मानेत प्रतिजैविकाची इंजेक्शनं दिली. तिचं शेण-गोमूत्र वापरून केलेलं जीवामृत या खेपेला फसफसलंच नाही. हे त्यामुळेच का? (राजापूर)

शक्यता मोठी आहे. जीवामृत म्हणजे जंतूंची वाढ करण्याचाच उद्योग : २०० लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती. प्रतिजैविक मूत्रातून पडत असेल तर तेच तुम्ही लिटरांनी मोजून पिंपात ओतता.

पण पिंप फसफसलं नाही हा त्यातला बरा प्रकार. फसफसलं तर जास्त वाईट. औषध थोडंसंच असेल तर साधे जंतू दबतात, औषधाला दाद न देणारे तगतात, आणि गूळ-बेसनावर दोन दिवसांत त्यांचीच पैदास होते. तेच पाणी आपण पालेभाजीवर शिंपडतो. कंपोस्टच्या ढिगाला निदान गरमीची चाळणी असते, जीवामृताला तीही नाही. म्हणून इथे आमचं मत कडक आहे : प्रतिजैविक दिलेल्या जनावराचं शेण किंवा मूत्र जीवामृत, बीजामृत, फवारणीचं गोमूत्र यांत घालू नये. शेवटच्या इंजेक्शननंतर महिना सोडा. तोवर शेजारच्या गाईचं दहा किलो शेण मागून आणा. आयव्हरमेक्टिन किंवा जंतनाशक दिलेल्या गाईचा प्रश्न तेवढा गंभीर नाही, पण दुसरं शेण मिळत असेल तर तेच घ्या.

पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफ्ट्रिॲक्झोन या गटातली औषधं शेणात टिकत नाहीत, लवकर मोडतात. एन्रोफ्लॉक्सॅसिन मात्र चिवट. ते शेणाला आणि मातीला चिकटून राहतं, तापलेल्या ढिगातही पूर्ण जात नाही. ते दिलं असेल तर खत झाडांनाच घाला.

ट्यूब घातलेल्या सडाचं दूध वासराला पाजू नका. उकिरड्यावरही ओतू नका, कुत्री-मांजरं येतात. तापलेल्या ढिगाच्या पोटात खड्डा करून, पेंढ्यात जिरवून थोडं थोडं घालता येतं.

प्रश्न : ब्रॉयलर फार्मवरून कोंबडखत स्वस्तात मिळतं. तूस घातलेलं, कोरडं. कलमांना आणि परसातल्या मिरच्यांना थेट घातलं तर? मित्र म्हणतो त्यात औषधं असतात. (देवगड)

मित्र बरोबर सांगतोय. पण औषधांच्या आधी ते झाडंच जाळेल. कच्च्या कोंबडखतात नत्र इतकं तीव्र असतं की मिरचीच्या कोवळ्या मुळ्या दोन दिवसांत करपतात.

आता औषधं. ब्रॉयलरच्या खाद्यात रक्ती हगवणीविरुद्ध सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन, मॅड्युरामायसिन यांपैकी काहीतरी बहुधा असतंच. कंपोस्टमध्ये सॅलिनोमायसिन लवकर मोडतं, मोनेन्सिनही बरंच कमी होतं. त्याऐवजी सल्फा गटातलं औषध पाण्यातून दिलं असेल तर भरवसा कमी. सल्फामेथाझिनसारखी औषधं तापलेल्या ढिगातही फारशी घटत नाहीत, आणि मातीला न चिकटता पाण्याबरोबर खाली जातात. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीतून पाणी किती झपाट्याने झिरपतं हे तुम्हाला सांगायला नको. फार्मवाल्याला सरळ विचारा : या बॅचला पाण्यातून काय काय दिलं? कोलिस्टिनवर तर खाद्य-उत्पादक प्राण्यांसाठी २०१९ पासून देशात बंदीच आहे. ते नाव निघालं तर खत घेऊच नका.

खाद्यातलं तांबं आणि जस्त ही तिसरी गोष्ट. ते धातू आहेत. कितीही तापवा, ते मोडत नाहीत. उलट ढीग आटतो तसं किलोमागचं प्रमाण वाढतं. म्हणून एकाच वाफ्यात दरवर्षी कोंबडखत घालू नका, एक वर्ष कोंबडखत तर पुढची दोन-तीन वर्षं शेणखत. आम्लधर्मी मातीत धातू अधिक सुटे होतात, आणि कोकणची माती आम्लधर्मी आहे.

कोंबडखताचा ढीग शेणासारखा घालून चालत नाही. ते कोरडं असतं, पाणी न घालता वर्षभर ठेवलं तरी खत होत नाही. त्यातलं तूस कार्बनच्या हिशेबात धरू नका, त्यात वाळूसारख्या सिलिकेचा अंश बराच असतो, ते कुजायला फार वेळ घेतं. १०० किलो कोंबडखताला ७५-८० किलो पातेरा किंवा पेंढा, घमेल्याने एकाला चार, आणि सव्वाशे ते दीडशे लिटर पाणी. पाणी एकदम ओतलं तर खाली पळून जातं, थर घालताना झारीने शिंपडा. तिसऱ्या दिवशी परतताना डोळे चुरचुरले, नाकात झणका बसला, तर अमोनिया उडतोय. म्हणजे पैसे उडताहेत. आणखी पेंढा घाला. अशा वेळी काही जण वास मारायला चुना टाकतात. चुन्याने अमोनिया आणखी उडतो. चुना मातीला लागेल तेव्हा वेगळा द्यावा, ढिगात नको.

एक सावधगिरी, गाय-बैल असलेल्यांसाठी. कोंबडखताच्या ढिगाला गुरं लावू नका. दाणे सापडतात म्हणून ती तोंड घालतात, आणि त्यातून बोट्युलिझमसारखी विषबाधा होऊ शकते. मोनेन्सिन घोड्याला तर थोडंही झेपत नाही.

प्रश्न : गोबरगॅसच्या टाकीत औषधवाल्या गाईचं शेण घातलं तर सगळं औषध आत मोडतं ना? (कुडाळ)

नाही. टाकीत हवा नसते आणि ऊबही बेताचीच असते. आयव्हरमेक्टिनसारखं औषध अशा जागी टिकून राहतं. शिवाय प्रतिजैविक जास्त गेलं तर गॅस तयार करणारे जंतूच मंदावतात, आणि दोन दिवसांनी शेगडी मिणमिणते. एका गाईला इंजेक्शन आणि बाकी चार गाई निरोगी, असं असेल तर तिचं शेण औषधानुसार वर सांगितलेले दिवस टाकीबाहेर ठेवणं हा सोपा उपाय. आधीच घातलं असेल तर बाहेर येणारी मळी थेट वाफ्यात सोडू नका. पातेऱ्यावर ओतून त्याचा ढीग रचा, वर सांगितल्याप्रमाणे परता.

प्रश्न : शेळ्यांना जंतांसाठी अल्बेंडाझोल पाजलं. लेंड्या गांडूळखताच्या बेडवर घालायच्या आहेत. गांडुळं मरतील का? (चिपळूण)

औषधामुळे मरण्याची शक्यता कमी. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल अंगातून लवकर बाहेर पडतात, पाच-सहा दिवसांच्या लेंड्या बाजूला काढल्या की झालं. पण ताज्या लेंड्या बेडवर घातल्या तर गांडुळं मरतील ती उष्णतेने. लेंडी वरून कोरडी आणि आत घट्ट असते, ढीग केला की तापते, आणि गांडुळाला ३५ अंशांच्या वर तगून राहणं कठीण जातं. लेंड्या काठीने झोडून फोडा, रात्रभर भिजवा, पातेऱ्यात मिसळून तीन आठवडे तापू द्या. हात घालून थंड लागल्यावर आधी एका कोपऱ्यात थोडं खत आणि वीस-पंचवीस गांडुळं ठेवा. दुसऱ्या दिवशी ती आत शिरलेली असली तर बाकीचं घाला, कडेला चढून बसली असली तर आणखी आठवडा थांबा.

प्रश्न : अंगण सारवायला हे शेण चालेल का? (संगमेश्वर)

जंताचं औषध दिलेलं असेल तर हरकत नाही. प्रतिजैविकं चालू असताना नको, विशेषतः घरात रांगतं मूल असेल तर. शेणी थापून चुलीत जाळायला हरकत नाही.

प्रश्न : खतात औषध उरलंय का हे घरच्या घरी कसं तपासायचं? कुंडीत बी पेरून पाहिलं तर? (अलिबाग)

बी पेरून औषध कळत नाही. प्रतिजैविक असलेल्या खतातही चवळी झकास उगवते. या चाचणीने दोनच गोष्टी कळतात. एक, खत मुरलंय का. दोन, पेंढ्यातून किंवा चाऱ्यातून तणनाशक आलंय का. दोन कुंड्या घ्या. एकीत नुसती माती, दुसरीत एक भाग खत आणि दोन भाग माती. दोन्हींत चवळीचे सहा-सहा दाणे. तीन आठवडे पाहा. दुसरीतली पानं वाटीसारखी वळली, शेंडा पिळवटला, तर तणनाशक समजा. नुसतं उगवणं कमी आणि कडा करपलेल्या, तर खत कच्चं.

औषधाची तपासणी प्रयोगशाळेतच होते आणि परसबागेच्या मानाने महाग पडते. त्यापेक्षा भिंतीवरची नोंद आणि सळईने पाहिलेली गरमी यांवर भिस्त ठेवा.

प्रश्न : पावसात ढीग कसा सांभाळावा? आमच्याकडे गोठ्याच्या खालच्या अंगालाच विहीर आहे. शिवाय ढिगात पांढऱ्या जाड अळ्या फार होतात. (दापोली)

विहीर खालच्या अंगाला असेल तर ढिगाची जागा बदला. दुसरा उपाय नाही. विहिरीपासून किमान पन्नास फूट लांब, आणि उताराच्या दुसऱ्या बाजूला. तीन हजार मिलिमीटरच्या पावसात उघड्या ढिगातलं नत्र, औषध आणि जंतू सगळं तांबड्या पाण्याबरोबर वाहतं, आणि गणपतीपर्यंत नुसता चोथा उरतो. तळाला चिकणमाती ठोकून घ्या किंवा जाड ताडपत्री अंथरा. सभोवती चिऱ्यांचा एक थर, बाहेरून वीतभर खोल चर. वर चुडतांचं छप्पर, पण ढिगाला टेकवू नका, दोन फूट मोकळी हवा ठेवा. प्लास्टिक थेट ढिगावर झाकलं तर आत घाम धरून ढीग नासतो. सगळ्यांत बरं म्हणजे गरमीचं काम एप्रिलच्या आत उरकावं आणि पावसात फक्त मुरवण्याचं काम ठेवावं. पावसात गुरांना औषध द्यावं लागलंच तर ते शेण पातेऱ्यात मिसळून छपराखाली साठवा, ढीग दसऱ्यानंतर रचा.

गोचिडांसाठी सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन मारून गुरं धुतली असतील तर ते पाणीही वहाळात जाऊ देऊ नका. मासे आणि कोळंबीला ते फार जहाल आहे. पातेऱ्यात जिरवा.

अळ्या बहुधा गेंड्या भुंग्याच्या आहेत. थंड, न परतलेलं शेण ही त्यांची आवडती जागा, आणि त्यातून निघालेला भुंगा थेट तुमच्या माडाचा शेंडा पोखरतो. ढीग ५५ अंशांवर गेला की अळ्या आणि अंडी मरतात, कडेच्या परतताना वेचून कोंबड्यांपुढे टाका. त्या ढिगात औषधवाल्या गाईचं शेण असेल तर मात्र कोंबड्यांना देऊ नका, रॉकेलच्या पाण्यात टाका. मुरत ठेवलेल्या खतात या अळ्यांना मारणाऱ्या मेटारायझियम बुरशीची पावडर मिसळता येते. ती गरमी उतरल्यावरच घाला, तापत्या ढिगात बुरशीच मरते.